झीज कुणी सोसावी?

शिकागोच्या एअरमोटर कंपनीने १९१५ साली पवनचक्कीची दंतचक्रे तेलाच्या बंद पेटीत बसवली. अमेरिकी शेतांवर पाणी उपसणाऱ्या या जुन्या चक्क्यांच्या दुरुस्तीत झिजलेले दात प्रथम डोळ्यांत भरतात. मूळ दोष मात्र पुष्कळदा आसाभोवतीच्या बॅबिट धातूच्या बेअरिंगमध्ये असतो. ते झिजले की आस खचतो आणि दात नीट जुळत नाहीत. हा मऊ मिश्रधातू मुद्दामच योजलेला : झीज त्याने सोसावी, पोलादी आस टिकावा. तो वितळवून पुन्हा ओतता येतो. दातच घासून जुळवले तर मूळ आकार हरवतो.

जुन्या संहितेच्या संपादकानेही हाच विवेक बाळगावा. आपली दुरुस्ती त्याने तळटीपेत ठेवावी. ती चुकीची ठरली तर पुढचा संपादक बदलील. संहिताच परस्पर सुधारली, तर त्याच्या हाती मूळ काहीच उरणार नाही.