एक ड्रम, चार आकडे

टोल्युइनचा दोनशे लिटरचा ड्रम नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एमआयडीसीत कुणाला नवा नाही. रंग, शाई, थिनर, चिकटद्रव्ये, औषधनिर्मिती अशा किती तरी कामांत हे सॉल्व्हेंट लागते. त्याच्या वाफेत माणसाने दिवसाचे आठ तास काम करायचे, तर हवेत ती वाफ किती असलेली चालेल, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर नाही. आपल्याकडे कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने दिलेला आकडा होता १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे १०० भाग. अमेरिकेच्या ‘ओशा’ या सरकारी यंत्रणेची कायदेशीर मर्यादा आहे २००. युरोपीय संघाने २००६ मध्ये सुचवलेली मर्यादा ५०. आणि ‘एसीजीआयएच’ ही अमेरिकेतली औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था २००७ पासून २० सांगते. ड्रम तोच, वाफ तीच, माणसाची छातीही तीच. पण सर्वांत वरचा आकडा सर्वांत खालच्याच्या दहापट आहे.

यातला कोणताही आकडा हवेतून काढलेला नाही. आपल्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण १९८७ मध्ये आले, तेव्हा तज्ज्ञांच्या शिफारशीतही १०० हाच आकडा होता. पुढे रंगदृष्टीवर आणि गर्भावर होणाऱ्या परिणामांचे पुरावे जमले, तशी शिफारस आधी ५० वर आणि मग २० वर आली. कायद्यातला आकडा बदलायला मात्र सरकारी प्रक्रिया लागते, तो मागे राहिला. शिवाय हे आकडे दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे साधारण चाळीस तास धरून काढलेले असतात. शिफ्ट बारा तासांची झाली, की शरीरात जास्त जाते आणि बाहेर पडायला वेळ कमी उरतो. ब्रीफ आणि स्काला यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या साध्या सूत्राने हिशेब केला, तर बारा तासांच्या शिफ्टला मर्यादा निम्मी होते. १०० चे ५० आणि २० चे १०. हा हिशेब कागदाच्या तुकड्यावर दोन मिनिटांत होतो. तो करायला हवा हे ओळखणारा आणि करून व्यवस्थापकापुढे ठेवणारा माणूस तयार व्हायला मात्र काही वर्षांचा अभ्यास लागतो.

रासायनिक जोखीम मूल्यमापन या विषयाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करावा की नाही, असा विचार ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या केमिस्टने किंवा प्लांटमधल्या इंजिनीअरने सुरू केला, तर त्याला माझे उत्तर ‘जरूर करावा’ असे आहे. अट एकच. नोकरी सोडून बाहेर पडण्याचा परवाना म्हणून हा अर्ज करू नये. आपल्या कारखान्यातला एक खरा प्रश्न हातात घेऊन करावा. या विषयाला वर्गखोलीपेक्षा कारखान्याच्या फरशीची गरज जास्त आहे, आणि ती फरशी इथल्या उमेदवाराकडे आधीच आहे.

हे पटण्यासाठी धोका आणि जोखीम या दोन शब्दांतला फरक पाहावा लागतो. धोका हा पदार्थाचा गुण आहे. तो बंद ड्रममध्येही असतो. माणसाचा त्याच्याशी किती, कसा आणि किती वेळ संबंध येतो, यावर जोखीम ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये या कामाचे चार टप्पे मांडले: पदार्थ काय अपाय करतो ते ओळखणे, किती मात्रेला किती अपाय होतो ते ठरवणे, प्रत्यक्ष संपर्क मोजणे आणि या तिन्हींवरून जोखमीचा निष्कर्ष काढणे. पहिल्या दोन टप्प्यांची माहिती जगभरच्या प्रयोगशाळांतून येते आणि रबाळ्यात बसून वाचता येते. तिसरा टप्पा मात्र हेलसिंकीत किंवा वॉशिंग्टनमध्ये बसून होत नाही. पावसाळ्यात गाळ्याच्या खिडक्या बंद झाल्या की वाफेचे काय होते, हेल्पर थिनरमध्ये हात घालून भांडे पुसतो की चिमट्याने, तोंडाला सॉल्व्हेंटचा मास्क आहे की घामाने भिजलेला रुमाल, हे इथेच कळते. कामगाराच्या कॉलरला अडकवलेली कोळशाच्या दाण्यांची बोटाएवढी काचनळी आणि कमरेला बांधलेला छोटा पंप, एवढ्या सामग्रीने त्याच्या श्वासाजवळच्या हवेचा नमुना घेता येतो. प्रयोगशाळेत त्या नळीतून जो आकडा निघतो, त्यालाच वरच्या चार आकड्यांशी पडताळायचे असते. वर्षभर याच मशीनजवळ उभा राहिलेला माणूस हे काम शिकला, तर बाहेरून दोन तासांसाठी आलेल्या सल्लागारापेक्षा ते चांगले करील.

पण या पट्ट्याला अशा माणसांची गरज खरोखर किती आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक समूहांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गेलेला समूह अतिप्रदूषित ठरला. नवी मुंबईचे गुण होते ७३.७७ आणि डोंबिवलीचे ७८.४१. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेले स्फोट सगळ्यांच्या लक्षात आहेत, आणि ते तसे राहायलाच हवेत. भोपाळची २ डिसेंबर १९८४ ची रात्र तर आपल्या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारखाने कायद्यातली १९८७ ची दुरुस्ती आणि घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे १९८९ चे नियम त्यानंतर आले. पण स्फोटाचा आवाज होतो आणि पंचनामा होतो. वीस वर्षे थोडी थोडी वाफ घेतलेल्या माणसाची मंदावलेली स्मरणशक्ती, बधिर झालेली बोटे किंवा रंग ओळखताना होणारी गफलत यांचा पंचनामा कुठेच होत नाही. मधल्या काळात नोकऱ्या बदललेल्या असतात, कंत्राटदार बदललेला असतो आणि दुखणे वयाच्या खात्यावर जाते. अपघातापासून वाचवणारी यंत्रणा आपण अपुरी का होईना उभी केली. या संथ अपायाची मोजदाद करणारी माणसे मात्र फारच थोडी आहेत.

दुसरा पुरावा बाजाराचा आहे. युरोपीय संघाचा ‘रीच’ कायदा १ जून २००७ पासून लागू झाला. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त पदार्थ युरोपात जायचा असेल, तर त्याची नोंदणी लागते. दहा टनांपासून पुढे रासायनिक सुरक्षिततेचा अहवालही जोडावा लागतो. युरोपाबाहेरच्या उत्पादकाला ही नोंदणी थेट करता येत नाही, ती तिथल्या आयातदाराने किंवा तिथे नेमलेल्या प्रतिनिधीने करावी लागते. त्यामुळे माल इथे तयार होतो आणि तो सुरक्षित कसा वापरावा हे लिहिण्याची बौद्धिक मजुरी बरीचशी तिकडे जाते. आपल्याकडे १९८९ च्या नियमांत घातक रसायनांची यादी ६८४ पर्यंत गेली. सर्वच रसायनांच्या नोंदणीकडे नेणारा नियमांचा मसुदा २०२० मध्ये चर्चेत आला. असे नियम उद्या लागू झाले, तर अहवाल लिहिणारी माणसे एका रात्रीत कुठून आणायची? त्यांची तयारी आधीच व्हायला हवी.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की प्रयोगशाळेशिवाय रसायनाचा विषय कसा शिकणार? ज्याला प्राण्यांवर किंवा पेशींवर विषाची चाचणी करायची आहे, त्याच्यासाठी हा आक्षेप पूर्ण खरा आहे. त्याने लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊनच शिकावे. जोखीम मूल्यमापक मात्र मुख्यतः पुरावे वाचतो, त्यांची प्रत ठरवतो, संपर्क मोजतो आणि निष्कर्षातली अनिश्चितता उघड मांडतो. यातले वाचन आणि गणित दुरून शिकता येते. तरीही प्रत्यक्ष मोजमापाचा प्रकल्प ज्या अभ्यासक्रमात नाही, त्याला अर्ज करू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. नुसत्या चित्रफिती आणि बहुपर्यायी प्रश्न यांवर मिळालेली पदवी या विषयात घातक आहे, कारण ती अज्ञानाला अधिकार देते.

दुसरा आक्षेप मान्यतेचा. कारखान्यात कायद्याने नेमायच्या सुरक्षा अधिकाऱ्याला औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका लागते. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन मास्टर्स ती जागा आपोआप घेत नाही. ज्याला ते पद हवे आहे त्याने शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेची किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची पदविका आधी करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. भारतीय संस्थेची ऑनलाइन पदवी घ्यायची, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांखाली त्या संस्थेला त्याच अभ्यासक्रमाची परवानगी आहे का, ते आयोगाच्या यादीत पाहावे. परदेशी असेल, तर समकक्षतेचा प्रश्न फी भरण्यापूर्वी आयोगालाच लेखी विचारावा. एजंटाचा शब्द इथे पुरावा धरू नये. आणि फी जड वाटत असेल, तर आयआयटींच्या प्राध्यापकांचे औद्योगिक सुरक्षेवरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. त्यातला एखादा पुरा करून, या विषयात आपले मन रमते का ते आधी तपासावे.

तिसरा आक्षेप इथल्या बदलत्या नकाशाचा आहे. ऐरोलीपासून महापेपर्यंत जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहत आहेत. मग रसायनांचा अभ्यास कशाला? रसायने इथून हलली तरी संपत नाहीत, ती तळोजा, महाड, लोटे, कुरकुंभ इथे जातात. आणि जिथून हलतात तिथली माती नि भूजल मागे राहते. त्या जागेवर माणसे राहायला किंवा कामाला येण्याआधी जोखीम तपासणे हे याच विषयाचे काम आहे. शिवाय रबाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखाने आणि चिंचपाडा, यादवनगरसारख्या वस्त्या, तर दुसऱ्या अंगाला रेल्वे, जुनी गावे आणि पलीकडे ठाण्याची खाडी आहे. इतक्या दाट शेजारात वाफेला आणि सांडपाण्याला गेटपास लागत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप चौथा आहे: पगारावर काम करणारा माणूस मालकाला न आवडणारा आकडा कसा लिहील? पदवीने धैर्य मिळत नाही, हे मान्य. पण पद्धत मिळते, आणि पद्धतीने लिहिलेला आकडा उडवून लावणे अवघड असते. ‘वास फार येतो’ ही तक्रार टोलवता येते. ‘अमुक दिवशी, अमुक शिफ्टला, कॉलरजवळ ७० पीपीएम, बारा तासांची मर्यादा ५०’ ही नोंद तशी टोलवता येत नाही. १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या लोकांना देण्याचे बंधन कारखानदारावर घातले. आता कामगार सुरक्षेचा विषय कारखाने कायद्यातून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला आहे. कोणत्याही कायद्यातला माहितीचा हक्क वापरायचा, तर आधी माहिती तयार करणारा आणि ती समजेल अशा भाषेत सांगणारा कुणी तरी हवा. सुरक्षा अधिकाऱ्याला कामगारांची भाषा यायला हवी, ही अट नियमांत आली ती उगाच नव्हे. ड्रमसोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा विभाग असतात; आठव्यात संपर्काच्या मर्यादा, अकराव्यात विषारीपणा. ते इंग्रजी पत्रक फाइलला लागते आणि ड्रम उघडणाऱ्या हातापर्यंत पोचत नाही. ते मराठीत आणि हिंदीत नीट सांगणे हा जोखीम मूल्यमापनाचा शेवटचा टप्पाच आहे.

म्हणून अर्जासोबतच्या उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड आहे’ असे लिहिण्यात एक ओळही घालवू नये. आमच्या विभागात हे सॉल्व्हेंट महिन्याला इतके वापरले जाते, इतकी माणसे इतके तास त्याजवळ असतात, आजवर मोजमाप झालेले नाही, आणि मला ते करायचे आहे, असे लिहावे. कंपनीचे नाव उघड करण्याची गरज नाही, गोपनीयतेची मर्यादा पाळावी. प्रश्न मात्र खरा असावा. उद्योजकांनीही आपला वाटा उचलावा. ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनचे कार्यालय रबाळ्यातच आहे आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय बेलापूरला. या दोघांनी मिळून दर वर्षी पट्ट्यातल्या काही नोकरदार विद्यार्थ्यांची फी उचलावी, नमुने घेण्याचे पंप सामाईक ठेवावेत आणि लहान गाळेधारकांना ते वापरायला द्यावेत. मोठ्या कारखान्याकडे सल्लागार असतो. पाच-दहा माणसांच्या गाळ्याकडे कुणीही नसते, आणि टोल्युइनचा ड्रम तिथेही उघडला जातो. तो उघडणाऱ्या माणसासाठी चारांपैकी कोणता आकडा धरायचा, हे सांगू शकणारा एक जाणकार प्रत्येक एमआयडीसीत असलाच पाहिजे. ती जागा आज रिकामी आहे. ज्याला ती भरावीशी वाटते, त्याने या वर्षीच अर्ज करावा.