एक दिवसानं काय होतंय?

'एक दिवसानं काय होतंय?' हा समारंभातल्या खाण्यापिण्याच्या बाजूनं केला जाणारा सगळ्यांत जुना युक्तिवाद. त्यामागची भावना खोटी नाही. आनंदाच्या दिवशी हात आखडता घेऊ नये, असं कुणालाही वाटतं. पण तुळशीचं लग्न लागलं की आपल्या बार्शीत साखरपुडे, हळदी, लग्नं सुरू होतात; बारशी, जावळं, वाढदिवस तर बारमाही. असे 'एक दिवस' वर्षात किती, ते मोजून पाहावं. 250 मिलिलीटर गोड शीतपेयात साधारण 25 ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो तेवढ्यातच राहावी. म्हणजे गुलाबजाम पानात पडण्याआधीच दिवसाचा वाटा संपला. आयसीएमआर-इंडियाबी या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातल्या प्रौढांत 11 टक्क्यांहून अधिक मधुमेही आहेत. हे प्रमाण धरलं, तर शंभरांच्या पंगतीत अकराजण असे असू शकतात. त्यांचा एक दिवस नुसता गोड नसतो.

दुसरा आक्षेप असा की, आग्रह हाच पाहुणचार. ज्याला नको त्यानं नको म्हणावं. परंतु तिसऱ्यांदा जिलेबी वाढायला आलेल्या यजमानासमोर पानावर आडवा हात धरणं किती अवघड असतं, हे सगळे जाणतात. नकाराचं ओझं पाहुण्यावर टाकणं हा आदर नव्हे. विचारून वाढणं हा आदर. दारूच्या बाबतीत तर 'थोडी चालते' हा आधारही उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. ज्या बार्शीत 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, त्या गावानं तरी पेल्याचा आग्रह सोडावा.

'मग खायचं काय, उकडलेल्या भाज्या?' या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शिवारात आहे. ज्वारीच्या हुरड्याला लोक किती हौसेनं जमतात! गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. सोबत दही, गूळ, बोरं, पेरू. प्रत्येक घासाला हाताचे कष्ट पडतात, म्हणून खाणं आपोआप सावकाश होतं आणि पोट भरल्याचं वेळेवर कळतं. हुरडा हे औषध नव्हे. त्यातही पिष्ट आहे, गुळातही साखरच आहे, मधुमेह्यानं तो बेतानंच खावा. पण मेजवानीचा आनंद साखर-तेलावर उभा नसतो, एवढं आगटी सिद्ध करते. हीच रीत मांडवात आणावी: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग ज्वारीची भाकरी, शीतपेयाच्या जागी बिनसाखरेचं, बेताच्या मिठाचं ताक, गोड एकच, तेही मागेल त्याला. यानं खर्च वाढत नाही आणि मानही घटत नाही. ज्याला आपण प्रेमानं बोलावलं, तो जेवून सुखानं घरी जावा, हीच यजमानाची खरी शोभा.