आंब्यातील अळीचे नाव

पावसाच्या तोंडावर मानकुराद कापताच आत अळी वळवळली, की आपण फळ फेकून मोकळे होतो. निर्यातीच्या व्यवहारात ते इतके सोपे नसते. फळमाशीच्याच कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दारे बंद केली. वांगी, अळू, कारली आणि पडवळही त्यात अडकले. आंब्यावरील बंदी २०१५च्या आरंभी उठली. पण सापडलेली अळी नेमक्या कोणत्या माशीची, हे ओळखण्याची निकड संपलेली नाही.

प्रौढ माशी पंखांवरील व पाठीवरील खुणांवरून ओळखता येते. अळ्या मात्र जवळजवळ एकसारख्या दिसतात. त्यांची माशी होईपर्यंत थांबावे, तर पेटीतला आंबा नासून जातो. अशा वेळी तंतुकणिकांतील जनुकसंच उपयोगी पडतो. कीटकांमध्ये तो साधारणतः ३७ जनुकांचा, डीएनएच्या १५ ते १६ हजार अक्षरांचा असतो. पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने मेलेल्या अळीच्या कणभर तुकड्यातूनही तो वाचता येतो.

नाव कळल्यावर उपायही ठरतो. आंब्यावरील ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’चे नर मिथाईल युजेनॉलच्या सापळ्याकडे धावतात, काकडी-कारल्यावरील माशी त्याकडे फिरकत नाही, तिच्या नरांना क्यू-ल्युअर लागते.

तथापि या तंत्राला अंतिम न्यायाधीश मानणे घाईचे होईल. २००३ मध्ये केनियात आढळलेल्या फळमाशीला २००५ साली ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’ हे नवे नाव मिळाले आणि आफ्रिकेच्या फळनिर्यातीवर निर्बंध आले. शरीररचना, जनुके, संकर आणि गंधद्रव्ये अशा सर्व अंगांनी पडताळल्यावर २०१५ मध्ये ती जुनी डॉर्सालिसच असल्याचे ठरले. उलट तिची जवळची नातलग ‘कॅरॅम्बोली’ वेगळीच राहिली, जरी केवळ तंतुकणिकांवरून या दोघींना विलग करणे अवघड आहे. तंतुकणिका आईकडूनच येतात. संकर झाला तर बापाची बाजू त्यांत उमटत नाही.

शिवाय अळीचा जनुकसंच वाचून तो ताडून पाहायचा कशाशी? टाचणीवर लावलेल्या, जाणकाराने डोळ्यांनी पारखलेल्या नमुन्याशीच. त्या नमुन्यावरील चिठ्ठी चुकली, तर संगणकही तीच चूक बिनबोभाट पुढे नेतो. प्रयोगशाळांना यंत्रे देताना हे जाणकार घडवण्याची तरतूदही त्याच अंदाजपत्रकात हवी.