ओट्याखालचा अंधार

कराडात गेल्या काही वर्षांत घरे बदलली, तशी स्वयंपाकघरेही बदलली. सोमवार पेठेतल्या जुन्या वाड्यात भिंतीतले फडताळ, वर टांगलेले शिंकाळे आणि जाळीचे दुभत्याचे कपाट एवढ्यावर संसार चालत असे. त्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. आज मलकापूर, विद्यानगरकडच्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली ट्रॉल्या, वर सनमायका लावलेली प्लायवूडची कपाटे आणि सगळ्यांना दारे. दिसायला हे छानच दिसते. जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. त्या फडताळात विंचू निघत आणि उंदीर तर घरचेच असत. पण मांडणीवर जे काही होते ते डोळ्यांसमोर होते. आता ते दाराआड गेले, आणि दाराआड काय चालले आहे हे दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कोणी पाहत नाही. माझे स्पष्ट मत असे, की घरातल्या आजारांची चौकशी करताना डॉक्टरने या कपाटांचीही चौकशी करावी.

मी ती करते. खोकला आणि धाप घेऊन आलेल्या मुलाच्या आईला धूळ, उदबत्ती, विडी-सिगारेटचा धूर यांबरोबर झुरळांविषयीही विचारते. पहिले उत्तर बहुधा "नाही हो डॉक्टर, आमच्याकडे नाहीत" असेच येते. झुरळ असणे म्हणजे घर अस्वच्छ, अशी आपली समजूत आहे ना! मग जरा वेळाने, "रात्री लाइट लावला की एखाददुसरे दिसते." रात्री एखाददुसरे दिसले तर फटीत पुष्कळ आहेत, असे समजावे. स्वयंपाकघरातले लहान, तपकिरी झुरळ अंगावर अंड्यांची कुपी घेऊन फिरते. एका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात. त्याची विष्ठा आणि गळून पडलेली साल यांची पूड होऊन हवेत मिसळते, आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला तीच बाधते. अमेरिकेतील शहरांच्या गरीब वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचा हा अंश भरपूर सापडला, त्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ इतरांपेक्षा तिपटीहून अधिक आली होती.

आता हे झुरळ ओट्याखालीच का राहते? कारण तेथे त्याला अंधार, ऊब आणि मुख्य म्हणजे पाणी मिळते. अन्नावाचून ते बरेच दिवस काढते, पाण्यावाचून तितके काढू शकत नाही. सिंकच्या पाइपाला बारीक गळती असते. खाली प्लायची कापलेली कड उघडीच सोडलेली असते, कारण सुताराला वाटते तेथे कोण पाहणार. ती कड पाणी पिते, फुगते, सनमायका सुटतो आणि त्या फटीत बुरशी व झुरळे दोघांचीही सोय होते. त्यात आपण धुतलेली भांडी ओलीच ट्रॉलीत लावतो. पाहुणे यायचे असतात, ओटा मोकळा दिसायला हवा असतो, म्हणून भांडी निथळण्याआधीच आत जातात. घरातली ओल निम्मी तर तेथून येते.

यावर आपला उपाय म्हणजे फवारा. कपाटाचे दार उघडायचे, आत भांड्यांवरच औषध मारायचे आणि दार लावून घ्यायचे! ते औषध ताटावाटीवर बसते आणि कुपीतल्या अंड्यांना मात्र फारसे काही होत नाही. दुसरा उपाय झुरळांच्या खडूचा. हा खडू शाळेतल्या खडूसारखाच दिसतो, आणि रांगते मूल जमिनीवरची वस्तू आधी तोंडात घालते. औषध वापरायचेच असेल तर जेल मिळते, त्याचे बारीक ठिपके बिजागरीच्या मागे, मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी लावावेत. मात्र गळती बंद केल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. सिंकखालच्या कपाटात आणखी काय काय ठेवलेले असते, ते आजच एकदा पाहा. संडास धुण्याचे ॲसिड, तेही बहुधा थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून घेतलेले. ब्लीचिंग पावडर. डांबराच्या गोळ्या. उंदीर मारायची पेस्ट. आणि आपला भाग शेतीचा असल्यामुळे, कोठे कोठे धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, नाहीतर उसावर मारून उरलेले औषध. हे सारे जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन वर्षांच्या मुलाच्या अगदी हाताशी.

धान्याच्या गोळ्यांतले ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलावा लागताच फॉस्फीन नावाचा विषारी वायू सोडते. त्यावर उतारा म्हणून नेमके औषध नाही. त्या गोळ्या गोदामासाठी आहेत. ज्या घरात माणसे झोपतात, त्या घरातल्या डब्यात किंवा कणगीत त्या टाकूच नयेत. उंदराच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर तिची तऱ्हा फसवी असते. मुलाला पहिल्या दिवशी थोड्या उलट्या होतात, मग ते हसू-खेळू लागते, घरचे निर्धास्त होतात आणि काही दिवसांनी यकृत निकामी होऊ लागते. म्हणून मूल बरे दिसते एवढ्यावर घरी थांबू नका. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेले तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका. बाटली किंवा ट्यूब बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा. कराडात उपजिल्हा रुग्णालय आहे, कृष्णा रुग्णालय आहे, आणि खेड्यावरून यायचे तर १०८ ला फोन करता येतो. डांबराच्या गोळ्यांविषयी एवढेच, की काही मुलांत जन्मतःच एका विकराची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या पेशी या गोळ्यांमुळे फुटतात. स्वयंपाकघरात त्यांचे काय काम?

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नका, आणि एकत्र तर कधीच वापरू नका. त्यातून क्लोरीन सुटतो. बंद मोरीत दोन्ही एकदम टाकून घासणाऱ्या बाईला दवाखान्यात आणावे लागते, इतका तो वायू छातीला झोंबतो.

साठवणीच्या कप्प्याबद्दल थोडेसे. शेंगदाणे, मका, मिरची यांना ओल लागली की जी बुरशी धरते, तिचे विष धुऊन किंवा भाजून पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा कडू, काळपट दाणे निवडून बाकीचे कुटात घालण्याची काटकसर नको. मे महिन्यात वाळवण घालण्याची आपली पद्धत फार शहाणपणाची आहे. कडुनिंबाचा पाला खुशाल घाला, पण उन्हाची जागा तो घेणार नाही.

गॅसचे सिलिंडर दाराआड ठेवत असाल तर त्या दाराला अगदी तळाशी भोके हवीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. केशरी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते.

कप्प्यात वर्तमानपत्र अंथरण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. संपादक रागावतील, पण ती बंद करा. कागदाखाली झुरळांना उत्तम निवारा मिळतो, आणि शाई अन्नाला लागणे आरोग्याला चांगले नाही. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली तशी सूचनाही काढली होती.

साफसफाईला वर्षाची दिवाळी पुरत नाही. सगळे एकदम काढण्यापेक्षा दर रविवारी एक कप्पा घ्यावा. तो पूर्ण रिकामा करावा, आधी कोरड्या ब्रशने फटी झाडाव्यात, मग कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसावे. शेगडीजवळच्या कपाटांवरचा तेलकट चिकटा खाण्याच्या सोड्याने निघतो, तारेच्या घासणीने सनमायका मात्र ओरखडतो. मग तासभर दार उघडे ठेवून पंखा लावावा. या शेवटच्या तासाचाच लोकांना कंटाळा असतो. आणि हे काम घरातल्या बाईचेच कसे? वरचा जड डबा काढायला घरच्या पुरुषांना काय हरकत आहे? तसेही जड डबे वर नकोतच. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२००५ आणि २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांनी पुढे नवे कपाट करताना सुताराला दोन गोष्टी आधी सांगाव्यात. प्लाय ओलाव्यात टिकणारे, आयएस ७१० शिक्क्याचे हवे, आणि प्रत्येक कापलेली कड पट्टीने बंद हवी, मागची सुद्धा. पुरात भिजलेले साधे प्लाय वरून वाळले तरी आत आठवडेच्या आठवडे ओले राहते. ते फेकलेले बरे.

आणि सिंकखालच्या जागेला दार नकोच, असे मी म्हणते. सातारा-सांगलीकडच्या घराघरांत हे दार शोभेसाठी लावलेले असते. ते काढले की वारा लागतो, गळती त्याच दिवशी दिसते आणि बाटल्या लपवायला जागा उरत नाही. बिजागरीचे स्क्रू काढायला पाच मिनिटे लागतात.