नारळाचा कान, रोपाचा कागद

सासूबाई नारळ कानाशी धरून हलवायच्या, टिचकी मारायच्या आणि सांगायच्या, "हा ठेव बाजूला, नासका आहे." फोडला की नासकाच निघायचा! लग्न होऊन भाट्याला आले तेव्हा मला ती जादूच वाटायची. त्यामुळे दारावर माडाची रोपं विकायला आली तेव्हा निवडही त्यांचीच. उंच, लवलवीत बारा रोपं. गावातच कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे विचारून या, असं हे म्हणाले होते. पण "माझं मन सांगतंय" म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

सात वर्षं पाणी घातलं, खत घातलं. त्यातल्या पाच माडांना आजही धरले तर चार-सहा नारळ धरतात.

रोप नुसत्या उंचीवर घ्यायचं नसतं, हे मग केंद्रात कळलं. कोंब लवकर फुटलेला हवा, बुंधा जाड हवा, नऊ ते बारा महिन्यांच्या रोपाला पाच-सहा पानं हवीत. आणि बियाणं कुठल्या माडाचं, ते ठाऊक हवं.

मग सासूबाईंचं मन खोटं का? नाही हो! नारळ फोडला की बरोबर की चूक ते लगेच कळतं. असे हजारो फोडून त्यांचा कान तयार झाला होता. रोपाचं उत्तर यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि अशी निवड आयुष्यात करायची दोनदा-तीनदा. मन शिकणार कुठून? डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांचं आतल्या आवाजावरून पटत नसे. २००९ साली दोघांनी मिळून लेख लिहिला, तेव्हा तेही इथेच येऊन पोचले.

आता लेकीला स्थळ आलंय. मुलगा गोड बोलतो, मन म्हणतं होकार देऊन टाक. पण मी जावई किती निवडलेत? हा पहिलाच! म्हणून कॅलेंडरच्या मागे लिहून काढलं: नोकरी कायम आहे का, कर्ज किती, लेकीची नोकरी चालू राहणार का.

एक मात्र आहे. त्याची आई थोरल्या सुनेला "चहा आण गं" म्हणाली, तो सूर ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पंचवीस वर्षं मी सून आहे, हे सूर मला ओळखता येतात. तेही कागदावर लिहिलंय.

रविवारी पुन्हा जाणार आहोत. या वेळी त्या थोरलीजवळ स्वयंपाकघरात बसायचंय. लेकीनेही एक कागद केलाय म्हणे. मला अजून दाखवला नाही.