खाजणातील बंदूक आणि परिषदेचे दायित्व

ब्रिटनमधील पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या मंडळांची राष्ट्रीय परिषद भरली, की तिच्याविरुद्ध एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो आपल्याकडील निसर्गप्रेमी वाचकालाही ऐकताक्षणी पटण्यासारखा आहे. ज्यांच्या खांद्यावर बंदूक त्यांनी पाणथळींच्या रक्षणाचे ठराव करावेत हा निव्वळ दंभ होय. शास्त्रज्ञांना आणि सरकारी अंमलदारांना व्यासपीठावर बसवून शिकारी आपल्या छंदाला प्रतिष्ठेची झूल चढवतात. सबब पक्षिसंरक्षणाच्या विचारविनिमयातून ही मंडळी वगळली पाहिजेत, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यामागची कळकळ खरी आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष पक्ष्यांच्याच हिताविरुद्ध जातो, असे माझे मत आहे.

शिकारीचे नाव निघताच भारतीय वाचकाच्या मनात भरतपूर उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ केवलादेवच्या जलाशयावर जी बंदुकबाजी झाली, तीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले, आणि तो आकडा तेथे शिलालेखात कोरून ठेवण्यात आला. या संहाराचे समर्थन कोणाही विवेकी मनुष्याला करता येणार नाही. परंतु राजेरजवाड्यांच्या आणि लाटसाहेबांच्या त्या मेजवान्यांचा दोष इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खाजणात एकट्याने उतरणाऱ्या शिकाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. जानेवारीच्या काळोख्या पहाटे, भरतीओहोटीचे कोष्टक पाठ करून, गुडघाभर चिखल तुडवीत हा मनुष्य एखाद्या ओहोळाच्या काठाशी दबून बसतो; शेजारी भिजलेला कुत्रा असतो, पाठीमागून भरतीचे पाणी ओहोळाओहोळांतून केव्हा वेढा घालील याचे भान ठेवावे लागते, अंधारातून तरंग बदकांची शिट्टी ऐकू येते, आणि पुष्कळदा तो रिकाम्या हाताने घरी परततो. अशा माणसांची संघटना स्टॅन्ली डंकन यांनी 1908 मध्ये हल येथे उभारली, आणि तीच 1981 पासून नव्या नावाने नांदत आहे. किनाऱ्याच्या पट्ट्यांचे भाडेपट्टे घेणे, नवागताला अनुभवी सभासदाच्या देखरेखीखाली ठेवणे, हंगाम संपला की मारलेल्या पक्ष्यांचा हिशेब दप्तरी दाखल करणे, हा तेथील अनेक मंडळांचा परिपाठ आहे.

दुसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे, आणि तो शिकाऱ्यांच्याच एका थोर सहोदराने आपल्या आचरणाने मांडला आहे. सर पीटर स्कॉट हे तरुणपणी निष्णात शिकारी होते. पुढे जखमी होऊन अगम्य चिखलात पडून राहिलेल्या एका रानहंसाच्या यातना पाहून त्यांचे मन या खेळावरून उडत गेले, आणि 1946 मध्ये ज्यांनी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या रक्षणाची संस्था स्थापिली ते हेच स्कॉट. मेलेला पक्षी हिशेबात धरला जातो. छर्रे अंगात घेऊन उडून गेलेला पक्षी कोणाच्याच वहीत येत नाही. या आक्षेपावर माझ्यापाशी वाक्चातुर्याचे उत्तर नाही, डेन्मार्कचे उदाहरण मात्र आहे. 1990 च्या दशकात तेथील संशोधकांनी गुलाबी पायांचे रानहंस पकडून त्यांची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा प्रौढ पक्ष्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांच्या शरीरात छर्रे आढळले. हा निष्कर्ष शिकाऱ्यांची मान खाली घालावयास लावणारा होता. 1997 मध्ये सरकारने आखलेल्या कार्यक्रमात शिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना सामील झाली. लांब पल्ल्यावरून बार टाकू नये, पक्षी पुरता टप्प्यात आल्याखेरीज चापाला बोट लावू नये, ही शिकवण गावोगावच्या सभासदांपर्यंत नेण्यात आली. आणि पुढील वर्षांच्या तपासण्यांत जखमी पक्ष्यांचे प्रमाण स्पष्टपणे उतरलेले दिसले. काळोखात एकट्याने बसलेल्या मनुष्यावर कोणताही शिपाई पहारा ठेवू शकत नाही. तेथे त्याचा हात आवरतो तो त्याच्या बिरादरीने घालून दिलेला दंडक, आणि असा दंडक देशभरच्या मंडळांनी एकत्र बसल्याखेरीज सिद्ध होत नाही. राष्ट्रीय परिषदेचे खरे प्रयोजन मला येथे दिसते.

विधायक कार्याचा दाखलाही दुर्मीळ नाही. केंट परगण्यातील सेव्हनओक्स येथे वाळू-खडी उपसून उजाड झालेल्या खाणीत डॉक्टर जेफ्री हॅरिसन यांनी 1956 पासून शिकारी संघटना आणि स्कॉट यांची संस्था यांच्या सहकार्याने पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान घडविले. बदकांना काय खावयास आवडते हे ठरवावे कसे? मारलेल्या बदकांच्या पेषण्या उघडून त्यांतले बी वेगळे काढण्यात आले, ते कोणत्या वनस्पतीचे हे निश्चित करण्यात आले, आणि त्या अनुरोधाने काठावर लागवड झाली. शिकाऱ्याची थैली आणि शास्त्रज्ञाचे मेज यांची अशी गाठ पडल्याने ओसाड खड्ड्याचे तळे झाले, ही गोष्ट आक्षेपकांनी नजरेआड करू नये.

येथवर मी आक्षेपकांशी झगडलो. आता परिषदेतील वक्त्यांशी झगडणे प्राप्त आहे. आम्ही नसतो तर खाजणे उरलीच नसती, ही जी दर्पोक्ती अशा सभांतून ऐकू येते ती सर्वस्वी असिद्ध आहे, आणि शिशाच्या छऱ्यांचा इतिहास तिला उघड पाडतो. चिखलात पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात; पेषणीत ते झिजतात, विष रक्तात भिनते, पंख लुळे पडतात आणि पक्षी उपासमारीने मरतो. हे ज्ञान जुने असूनही इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडण्यास कायद्याने बंदी झाली ती 1999 मध्ये. आणि त्यानंतरही बाजारातून विकत आणून तपासलेल्या बदकांपैकी सुमारे 70 टक्के शिशानेच मारलेली निघाली. ही बदके बहुतांशी आतल्या मुलखातील हाकारे घातलेल्या शिकारीची, किनाऱ्यावरच्या मंडळांची नव्हेत, असा बचाव केला जातो. तो वस्तुस्थितीला धरून असेलही. परंतु जी संघटना दोहोंच्याही नावाने बोलते तिला दोहोंचा दोष वाहणे चुकणार नाही. 2020 मध्ये नऊ संघटनांनी शिसे पाच वर्षांत स्वखुशीने सोडण्याचा संकल्प जाहीर केला. कायदा होऊन वीस वर्षे उलटल्यावर संकल्प करावा लागावा, यातच विलंबाची कबुली आहे.

याउलट कडाक्याच्या थंडीतील नियम पाहावा. जमीन आणि पाणी गोठून पक्षी अन्नावाचून क्षीण झाले, म्हणजे सरकारी तहकुबीचा हुकूम पंधराव्या दिवशी लागू होण्याचा प्रघात आहे. परंतु सातव्या दिवसानंतरच संघटना आपल्या सभासदांना स्वेच्छेने हात आखडता घेण्याचे आवाहन करते. हुकमापूर्वीचे हे दिवस हेच माझ्या मते या संघटनेचे सर्वांत उज्ज्वल भूषण आहे, आणि शिशाच्या बाबतीत तिने हेच का केले नाही, हा प्रश्न परिषदेच्या प्रत्येक अधिवेशनात विचारला गेला पाहिजे.

म्हणून परिषद बंद पाडावी असे मी म्हणणार नाही. तिच्यावर अधिक भार टाकावा असे म्हणेन. प्रत्येक मंडळाच्या हंगामी हिशेबात मारलेल्या पक्ष्यांच्या रकान्याशेजारी, जखमी होऊन हाती न लागलेल्यांचा रकाना सक्तीने असावा. शिसे वापरणाऱ्याचे सभासदत्व तत्काळ रद्द व्हावे. आणि हे हिशेब परिषदेत उघड वाचले जात असताना आक्षेपकांच्या प्रतिनिधींना सभागृहात जागा व प्रश्न विचारण्याची मुभा असावी.