सेकंदाचा शतांश आणि माणदेशाची धाव

रिओ ऑलिम्पिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी महिलांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी झाली. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर आपल्या शर्यतीत चौथी आली. प्रत्येक शर्यतीतील पहिल्या तिघींना अंतिम फेरीत थेट प्रवेश होता. चौथ्या क्रमांकाला तो हक्क नव्हता. तरीही ललिता अंतिम फेरीत पोहोचली, कारण उरलेल्या जागा तिन्ही शर्यतींतील सर्वोत्तम वेळांवर भरल्या गेल्या आणि तिची वेळ ९ मिनिटे १९.७६ सेकंद होती. तो राष्ट्रीय विक्रम ठरला आणि २०२३ मध्ये पारुल चौधरीने मोडेपर्यंत टिकला. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती.

या यशाचे कौतुक भरपूर झाले. मात्र त्यातील एक बाब दुर्लक्षित राहिली. ललिताला अंतिम फेरीत नेले ते तिच्या पायांनी आणि त्या पायांची अचूक नोंद घेणाऱ्या यंत्रणेने. ज्या मातीतून ती आली, तेथील मुलामुलींच्या वाट्याला अशी यंत्रणा केव्हा येते, हा खरा प्रश्न आहे.

अंगठ्याचा खेळ

तालुका पातळीवरील शालेय स्पर्धांत आजही वेळ घेतली जाते ती स्टॉपवॉचवर. नियमांना ही पद्धत अमान्य नाही. परंतु तिला कडक अटी आहेत. वेळाधिकाऱ्याने घड्याळ सुरू करायचे ते पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, तर धूर किंवा ठिणगी पाहून. आवाजाला शंभर मीटर अंतर कापायला सेकंदाचे सुमारे तीन दशांश लागतात. तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ ग्राह्य, तिन्ही वेगळी असतील तर मधली. ट्रॅकवरील वेळ शतांशात दिसत असली तरी ती पुढच्या दशांशावर न्यावी लागते. १२.११ सेकंद ही नोंद १२.२ होते.

इतके करूनही माणसाचा अंगठा माणसाचाच राहतो. सुरुवातीला तो डोळ्यांना दिसल्यानंतर हलतो, तर शेवटी धावपटू रेषेवर येताना दिसत असल्याने तो आधीच सज्ज असतो. परिणामी स्टॉपवॉचची वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. शंभर मीटर शर्यतीत हा फरक साधारण ०.२४ सेकंद धरला जातो. बारा सेकंदांत शंभर मीटर धावणाऱ्या मुलीसाठी एवढ्या वेळेत दोन मीटर अंतर मागे पडते. जिल्ह्याच्या मैदानावर 'विक्रम' करून गेलेल्या मुलीची वेळ राज्य स्पर्धेत अचानक 'घसरते', तेव्हा दोष बहुधा तिच्या तयारीला दिला जातो. प्रत्यक्षात बदललेले असते ते घड्याळ.

मिल्खा सिंग यांचा वाद

या फरकाने देशातील एका थोर धावपटूच्या विक्रमालाही वादात ओढले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खा सिंग चारशे मीटर शर्यतीत चौथे आले. स्टॉपवॉचनुसार त्यांची वेळ ४५.६ सेकंद होती, विद्युत नोंदीनुसार ४५.७३. परमजित सिंगने १९९८ मध्ये कोलकाता येथे ४५.७० सेकंदांची नोंद केली. ४५.७० ही वेळ ४५.७३ पेक्षा सरस, पण ४५.६ पेक्षा कमी दर्जाची. एकाच शर्यतीच्या दोन नोंदी असल्या की दोन इतिहास तयार होतात. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७७ पासून चारशे मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांसाठी केवळ पूर्ण स्वयंचलित वेळ ग्राह्य धरली, ती याच कारणाने.

पूर्ण स्वयंचलित म्हणजे घड्याळ पिस्तुलानेच सुरू व्हायला हवे आणि शेवटची रेषा कॅमेऱ्याने टिपायला हवी. आजच्या नियमानुसार मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या कॅमेऱ्याने सेकंदाला किमान एक हजार प्रतिमा घ्याव्या लागतात. डोके, हात किंवा पाय नव्हे, तर धड रेषेवर केव्हा आले ते पाहिले जाते. अविनाश साबळेचे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकले, तर १९८४ मध्ये उषाचे कांस्य एका शतांशाने. एवढ्या फरकाचा निवाडा उघड्या डोळ्यांनी शक्य नाही.

हौशींच्या पायाला चिप

रस्त्यावरील आणि क्रॉस कंट्री शर्यतींचे गणित वेगळे आहे. तेथे धावपटूच्या बुटाला किंवा छातीवरील क्रमांकाला लावलेली चिप चालते. तिचे वजन नगण्य असावे, धावपटूला शर्यतीत किंवा रेषेवर स्वतः काही करावे लागू नये, यंत्रणा पिस्तुलाशी जोडलेली असावी, या तिच्या अटी आहेत. शेवटची वेळ पूर्ण सेकंदात दिली जाते. बर्फावरील क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये स्पर्धक अनेकदा ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. प्रतिस्पर्धी समोर नसतो, निकाल घड्याळच देते. म्हणून तेथील आंतरराष्ट्रीय स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची असून तिला स्टॉपवॉचची जोडही द्यावी लागते. यंत्र बंद पडले तरी शर्यत वाया जाता कामा नये, हा त्यामागचा विचार.

याच सातारा जिल्ह्यात २०१२ पासून भरणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये हजारो हौशी धावपटूंची वेळ चिपवर नोंदली जाते. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु शनिवार-रविवारच्या हौशी धावपटूला सेकंदाचा हिशेब मिळावा आणि धावण्यावर आयुष्य बेतलेल्या माणच्या मुलीला मात्र अंगठ्यावर विसंबावे लागावे, ही विसंगती डोळ्यांत भरते.

पणाला काय?

शालेय निवड क्रमांकावर होते, मग वेळेचे एवढे काय, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो अर्धाच खरा आहे. स्पर्धक वाढले की प्राथमिक फेऱ्या होतात आणि अंतिम फेरीतील जागा वेळेवर भराव्या लागतात, जसे रिओत घडले. पोलीस भरतीत तर धावण्याचे गुण सेकंदांच्या टप्प्यांवर ठरतात. माणसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात वर्दी ही अनेक घरांसाठी पाणी आणि शेतीला पर्याय असते. तेथे एका सेकंदाची चूक एका घराला महाग पडते.

म्हसवड येथून काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशनने बचत आणि महिला बँकेबरोबर ग्रामीण खेळाडूंच्या प्रशिक्षणाचेही काम हाती घेतले. प्रतिभा हेरण्याचा भार एकट्या संस्थेने वाहावा आणि मोजमापाची जबाबदारी शासनाने टाळावी, हे योग्य नव्हे. प्रत्येक गावाला महागडा कॅमेरा देण्याची मागणी अव्यवहार्य आहे. मात्र प्रत्येक क्रीडा विभागात फिरती फोटो-फिनिश यंत्रणा ठेवणे, जिल्हा क्रॉस कंट्री स्पर्धेत चिप सक्तीची करणे, क्रीडाशिक्षकांना वेळ घेण्याचे नियम शिकवणे आणि प्रत्येक निकालपत्रावर वेळ हाताने घेतली की यंत्राने, हे स्पष्ट छापणे अशक्य नाही. यातील शेवटच्या दोन गोष्टींना तर फारसा खर्चही नाही.

मोहीच्या मुलीची वेळ रिओत अचूक मोजली गेली म्हणून देशाला ती दिसली. पुढची ललिता म्हसवड परिसरातील एखाद्या शाळेच्या मैदानावर आजही धावत असेल. तिची वेळ मोजणारे हात प्रामाणिक असतीलच. पण निवड करणाऱ्यांपर्यंत तिचा वेग खऱ्या आकड्यांत पोहोचायचा, तर प्रामाणिकपणाला अचूक घड्याळाची साथ द्यावीच लागेल.